ऑप्ट आऊट म्हणजे काय? अर्थ, वापर आणि नको असलेल्या सेवेतून बाहेर पडण्याची पद्धत

मोबाईलवर येणारे जाहिरातीचे मेसेज, ईमेलच्या तळाशी असलेली बारीक अक्षरं, बँकेचे फॉर्म, ॲपच्या सेटिंग्ज. या सगळ्या ठिकाणी एक शब्द सारखा दिसतो, तो म्हणजे 'ऑप्ट आऊट'. बरेच जण तो वाचतात आणि पुढे जातात. काहींना वाटतं, 'लॉग आऊट'सारखंच काहीतरी असेल. पण या दोन शब्दांवर आपल्या खात्यातले पैसे आणि आपली खाजगी माहिती अवलंबून असते. म्हणून आज आपण ऑप्ट आऊटचा नेमका अर्थ, वाक्यात तो कसा वापरायचा आणि प्रत्यक्षात ऑप्ट आऊट कसं करायचं, हे सोप्या भाषेत पाहूया.

ऑप्ट आऊटचा मराठीत अर्थ

'ऑप्ट' म्हणजे निवडणे, पसंती देणे. 'आऊट' म्हणजे बाहेर. दोन्ही मिळून अर्थ होतो: बाहेर राहण्याचा किंवा बाहेर पडण्याचा पर्याय स्वतःहून निवडणे. शाळेतल्या भाषेत सांगायचं तर हे फ्रेजल व्हर्ब आहे, म्हणजे क्रियापद आणि त्याला जोडलेला छोटा शब्द मिळून एक वेगळा अर्थ तयार होतो.

मराठीत संदर्भानुसार त्याला वेगवेगळे शब्द वापरता येतात:

- सहभागी न होण्याचं ठरवणे
- नकार कळवणे
- सेवेतून किंवा योजनेतून बाहेर पडणे
- दिलेली संमती काढून घेणे

काही ठिकाणी 'माघार घेणे' असाही अर्थ दिलेला असतो. तो पूर्ण चुकीचा नाही, पण नीट बसतही नाही. माघार म्हटलं की आधी पुढे पाऊल टाकलेलं असतं, थोडी हारही मानलेली असते. ऑप्ट आऊटमध्ये तसं काही नाही. अनेकदा तुम्ही 'हो' म्हटलेलंच नसतं, समोरच्यानेच तुम्हाला यादीत धरलेलं असतं. त्या यादीतून नाव काढायला सांगणं, हे झालं ऑप्ट आऊट.

ऑप्ट इन आणि ऑप्ट आऊट यातला फरक

हा फरक कळला की अर्धं काम झालं.

ऑप्ट इन: तुम्ही 'हो' म्हणेपर्यंत तुम्ही बाहेर. काहीच केलं नाही, तर उत्तर 'नाही' धरलं जातं.

ऑप्ट आऊट: तुम्ही 'नाही' म्हणेपर्यंत तुम्ही आत. काहीच केलं नाही, तर उत्तर 'हो' धरलं जातं.

लग्नाच्या जेवणाचं उदाहरण घ्या. वाढपी जिलेबी घेऊन आला आणि तुम्ही मागितल्यावरच त्याने वाढली, तर ते ऑप्ट इन. तो वाढतच सुटला आणि तुम्हाला ताटावर आडवा हात धरावा लागला, तर ते ऑप्ट आऊट. हात धरायला उशीर झाला की जिलेबी ताटात पडलेली असते!

वाक्यात वापर कसा करायचा?

ऑप्ट आऊटनंतर कशातून बाहेर पडायचं ते सांगायचं असेल, तर 'ऑफ' हा शब्द येतो. त्यानंतर नाम येतं किंवा क्रियापदाचं 'आयएनजी' लावलेलं रूप येतं. भूतकाळात 'ऑप्टेड आऊट' होतं.

१. 'ही ऑप्टेड आऊट ऑफ द स्कीम.' त्याने योजनेत सहभागी न होण्याचं ठरवलं.

२. 'शी ऑप्टेड आऊट ऑफ रिसीव्हिंग ईमेल्स.' तिने ईमेल नको असल्याचं कळवलं.

३. 'यू कॅन ऑप्ट आऊट ॲट एनी टाइम.' तुम्ही यातून कधीही बाहेर पडू शकता.

४. 'द ऑप्ट-आऊट फॉर्म इज अव्हेलेबल ॲट द ब्रँच.' बाहेर पडण्याचा फॉर्म शाखेत मिळेल.

चौथ्या वाक्यात ते क्रियापद नाही, विशेषणासारखं आलंय. अशा वेळी इंग्रजीत दोन शब्दांच्या मध्ये छोटी आडवी रेघ देतात. 'ऑप्ट आऊट द स्कीम' असं 'ऑफ' गाळून लिहू नका, ते चूक आहे. 'ऑप्ट आऊट फ्रॉम' बोलताना ऐकू येतं, पण लिहिताना 'ऑफ'च वापरा.

आता सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं वाक्य: 'इफ यू डू नॉट ऑप्ट आऊट, युवर प्लॅन विल बी रिन्यूड.' म्हणजे तुम्ही गप्प राहिलात, तर प्लॅन पुन्हा चालू होणार आणि पैसेही कापले जाणार. मेसेजमध्ये असं वाक्य दिसलं की शेवटची तारीख शोधा.

मिळतेजुळते शब्द

- बॅक आऊट: आधी शब्द देऊन, कबूल करून नंतर मागे फिरणे. यात थोडा ठपका असतो.
- ड्रॉप आऊट: शिक्षण, स्पर्धा किंवा कोर्स मध्येच सोडून देणे.
- पुल आऊट: करार, सौदा किंवा एखाद्या ठिकाणाहून अंग काढून घेणे. सैन्य किंवा कंपनीबाबत जास्त वापरतात.
- अनसबस्क्राइब: ईमेल किंवा चॅनेलची वर्गणी बंद करणे. हा ऑप्ट आऊटचाच एक प्रकार.
- डिलीट अकाउंट: खातंच काढून टाकणे. ऑप्ट आऊट केल्यावर खातं राहतं, फक्त त्यातली ठराविक गोष्ट बंद होते.

गप्प राहण्याची ताकद किती मोठी असते?

तुम्ही म्हणाल, एका क्लिकने काय फरक पडतो? खूप पडतो. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या दोन संशोधकांनी २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात युरोपातल्या अवयवदानाची आकडेवारी मांडली होती. जर्मनीत अवयवदानासाठी स्वतःहून संमती द्यावी लागायची, म्हणजे ऑप्ट इन. तिथे संमती असलेले लोक सुमारे १२ टक्के होते. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार कळवला नाही तर संमती धरली जायची, म्हणजे ऑप्ट आऊट. तिथे हा आकडा ९९ टक्क्यांच्या वर होता. दोन्ही देशांची भाषा एक, सीमा लागून. लोकांच्या मनात एवढा फरक नव्हता, फरक होता फॉर्ममध्ये.

दुसरं उदाहरण मोबाईलचं. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ आणलं. त्याआधी जाहिरातीसाठी होणारं ट्रॅकिंग नको असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करावं लागायचं. नवीन आवृत्तीत प्रत्येक ॲपला आधी विचारणं भाग पडलं: ट्रॅक करू का? म्हणजे ऑप्ट आऊटचं ऑप्ट इन झालं. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं, की या बदलामुळे त्या वर्षी कंपनीच्या उत्पन्नाला सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल. फक्त प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली, आणि एवढा फरक!

म्हणूनच कंपन्यांना ऑप्ट आऊट आवडतं. आपला आळस, घाई आणि इंग्रजी बारीक अक्षरांचा कंटाळा त्यांच्या कामी येतो.

आपल्याकडची दोन उदाहरणं: पीकविमा आणि ४३६ रुपये

ऑप्ट आऊट फक्त ॲपमध्येच असतं असं नाही.

पीकविमा: प्रधानमंत्री पीक विमा योजना खरीप २०२० पासून सर्वांसाठी ऐच्छिक झाली. पण 'ऐच्छिक' या शब्दात एक मेख आहे. ज्याने पीककर्ज घेतलेलं नाही, त्या शेतकऱ्याने विमा हवा असेल तर स्वतः अर्ज करायचा. हे झालं ऑप्ट इन. ज्याने पीककर्ज घेतलंय, त्याला विमा नको असेल तर योजनेच्या अंतिम तारखेच्या किमान ७ दिवस आधी बँकेला तसं लेखी कळवायचं. नाही कळवलं तर कर्जखात्यातून हप्ता कापला जातो. हे झालं ऑप्ट आऊट. एकच योजना, एकच गाव, पण दोन शेतकऱ्यांच्या गप्प राहण्याचे अर्थ अगदी उलटे!

महाराष्ट्रात २०२३ पासून काही हंगाम एका रुपयात पीकविमा मिळत होता, त्यामुळे हा फरक खिशाला जाणवत नव्हता. खरीप २०२५ पासून शेतकऱ्याला पुन्हा आपला हिस्सा भरावा लागतो. विमा संरक्षित रकमेच्या खरिपात जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी व फळपिकांना ५ टक्के. त्यामुळे कर्जदार शेतकऱ्यांनी ती तारीख विचारून ठेवायलाच हवी. विमा हवा असेल तरी बँकेत कोणतं पीक आणि किती क्षेत्र लावलंय, ते तपासा.

४३६ आणि २० रुपये: मे महिन्याच्या शेवटी अनेकांच्या खात्यातून ४३६ आणि २० रुपये जातात, आणि 'बँकेने पैसे का कापले?' असा प्रश्न पडतो. हे पैसे अनुक्रमे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना यांचे असतात. योजनेत जाताना तुम्ही फॉर्मवर सही करता, त्यातच दरवर्षी पैसे आपोआप कापण्याची संमती असते. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं. बंद करायचं असेल तर पैसे कापण्याआधीच बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या.

पण थांबा! बाहेर पडणं दरवेळी फायद्याचंच असतं असं नाही. जीवन ज्योतीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. सुरक्षा विम्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. घरात कमावणारी एकच व्यक्ती असेल, तर ४३६ रुपये वाचवण्याच्या नादात ते छत्र जाऊ शकतं. आधी काय बंद होतंय ते बघा, मगच बंद करा.

प्रत्यक्षात ऑप्ट आऊट कसं करायचं?

१. जाहिरातीचे कॉल आणि एसएमएस

- १९०९ या नंबरवर कॉल करा, किंवा इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट' लिहून एक जागा सोडा, पुढे शून्य लिहा आणि १९०९ वर एसएमएस पाठवा. यामुळे सगळ्या व्यावसायिक जाहिराती बंद करण्याची नोंद होते.
- सगळ्या नको असतील तर बँकिंग-विमा, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य अशा प्रकारांनुसारही निवड करता येते. त्यासाठी ट्रायचं डीएनडी ॲप सोपं पडतं.
- ओटीपी आणि खात्याच्या व्यवहाराचे मेसेज यामुळे बंद होत नाहीत, काळजी करू नका.
- मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'पी' असेल तर तो जाहिरातीचा, 'एस' सेवेचा, 'टी' व्यवहाराचा आणि 'जी' सरकारी असतो.

२. ईमेल

जीमेलमध्ये ईमेल उघडला की पाठवणाऱ्याच्या नावाजवळ 'अनसबस्क्राइब' दिसतं, त्यावर क्लिक करा. मोठ्या प्रमाणात ईमेल पाठवणाऱ्यांनी एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय द्यायलाच हवी, असा नियम गूगल आणि याहू यांनी २०२४ पासून लागू केला.

एक सावधगिरी: अनोळखी, संशयास्पद ईमेलमधल्या 'अनसबस्क्राइब' लिंकवर क्लिक करू नका. ती लिंकच सापळा असू शकते, शिवाय तुमचा पत्ता चालू असल्याचं समोरच्याला कळतं. अशा ईमेलला सरळ 'स्पॅम' करा. अनोळखी नंबरच्या एसएमएसमधल्या लिंकलाही हेच लागू.

३. दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे

- यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' हा भाग उघडा. चालू असलेल्या सगळ्या परवानग्या तिथे दिसतात. नको ती रद्द करा.
- कार्डवरून जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना आली पाहिजे आणि तो व्यवहार नाकारण्याची सोयही मिळाली पाहिजे. ती सूचना जाहिरात समजून पुसून टाकू नका.
- फक्त ॲप अनइन्स्टॉल केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. हा गैरसमज खूप जणांना महागात पडतो. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर क्लिक करून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा आणि तिथून रद्द करा.

४. जाहिरातीसाठी होणारं ट्रॅकिंग

अँड्रॉइड मोबाईलमध्ये सेटिंग्ज, मग गूगल, मग ॲड्स असं जाऊन 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' निवडा. मोबाईलनुसार मेन्यूची नावं थोडी बदलतात. जाहिराती यानंतरही दिसतील, पण तुमच्या आवडीनिवडीचा माग काढणं ॲप्सना अवघड जाईल.

५. एआय चॅटबॉट

चॅटजीपीटीमध्ये सेटिंग्जमधल्या 'डेटा कंट्रोल्स'मध्ये 'इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन' असा पर्याय असतो. तो बंद केला की तुमच्या पुढच्या गप्पा मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जात नाहीत. आधार, पॅन, आजारपणाची कागदपत्रं अशा गोष्टी चॅटमध्ये टाकत असाल, तर हे सेटिंग आजच बघा. तसंही अशी कागदपत्रं तिथे न टाकलेलीच बरी.

ऑप्ट आऊटचा दरवाजाच नसेल तर?

२०१६ च्या ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲपने आपलं धोरण बदललं आणि खात्याची माहिती फेसबुकला द्यायला सुरुवात केली. तेव्हा जुन्या वापरकर्त्यांना ३० दिवसांत नकार देण्याची सोय होती. नव्या वापरकर्त्यांना तीही नव्हती. २०२१ च्या धोरणात तर पटलं तर वापरा, नाहीतर सोडा, असाच मामला होता. भारतीय स्पर्धा आयोगाने यावर आक्षेप घेत नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपीलही केलं. पण ज्या ॲपवर सगळं गाव आहे, त्यातून बाहेर पडणं ही खरी निवड असते का, हा प्रश्न त्या प्रकरणाने समोर आणला.

काही ठिकाणी दरवाजा असतो, पण लपवलेला. 'हो' चं बटण मोठं, हिरवं आणि 'नाही' चं फिकट राखाडी. सबस्क्रिप्शन एका क्लिकने घेता येतं आणि बंद करायला दहा पानं फिरावं लागतं. 'मला बचत करायची नाही' असं लिहिलेलं बटण दाबायला लावून तुम्हाला लाजवलं जातं. याला 'डार्क पॅटर्न' म्हणतात. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यात असे १३ प्रकार दिलेत. तुम्ही न निवडलेली वस्तू किंवा देणगी बिलात गुपचूप घुसवणं हाही त्यातलाच एक. असा अनुभव आला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

नवीन कायदा काय सांगतो?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती स्पष्ट कृतीतून द्यावी लागते. म्हणजे आधीच टिक केलेला चौकोन किंवा तुमचं गप्प राहणं याला संमती म्हणता येत नाही. संमती देणं जितकं सोपं होतं, तितकंच ती काढून घेणंही सोपं असलं पाहिजे. आणि संमतीची विनंती इंग्रजीबरोबरच आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये वाचायचा पर्याय द्यावा लागेल. त्यात आपली मराठी आहेच.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीबद्दलच्या तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. तोपर्यंत नजर आपणच उघडी ठेवायची.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑप्ट आऊट केल्यावर आधी दिलेली माहिती पुसली जाते का?
नाही, आपोआप नाही. ऑप्ट आऊट साधारणपणे पुढच्या वापराला लागू होतं. जुनी माहिती काढायची असेल तर वेगळी विनंती करावी लागते.

कापलेले पैसे परत मिळतात का?
ते त्या सेवेच्या अटींवर अवलंबून आहे. ऑप्ट आऊटमुळे पुढचा हप्ता थांबतो, मागचा परत येईलच असं नाही. म्हणून तारखेच्या आधी काम उरका.

फोनवर सांगितलं तर चालतं का?
बँक, विमा, कर्ज अशा ठिकाणी लेखी द्या आणि पोच घ्या. ऑनलाइन केलं असेल तर शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. उद्या वाद झाला तर तोच पुरावा.

एकदा ऑप्ट आऊट केल्यावर पुन्हा आत येता येतं का?
मेसेज, ईमेल यांच्यासाठी सहज येता येतं. विम्याच्या बाबतीत मात्र पुन्हा आत येताना वयाची अट किंवा सुरुवातीचा प्रतीक्षा काळ लागू होऊ शकतो. म्हणून तिथे घाई नको.

थोडक्यात

ऑप्ट आऊट म्हणजे नको असलेल्या गोष्टीला वेळेत आणि स्पष्टपणे 'नाही' कळवणं. पुढच्या वेळी फॉर्मवर किंवा स्क्रीनवर हा शब्द दिसला की स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी काहीच केलं नाही, तर काय होईल? उत्तर 'पैसे कापले जातील' किंवा 'माहिती जाईल' असं असेल, तर तिथे दोन मिनिटं थांबा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाईलमधलं ऑटोपेचं पान आज एकदा उघडून बघा. त्यांनी कधी, कशाला 'हो' म्हटलंय, हे बहुतेक वेळा त्यांनाही आठवत नसतं.